पिन निवडू नका, चिठ्ठी टाकून काढा

चार आकडी पिनचे एकूण प्रकार दहा हजार, ०००० पासून ९९९९ पर्यंत. त्यात एटीएमवर साधारण तीनदा चुकलं की कार्ड त्या दिवसापुरतं बंद होतं. म्हणजे तुमचं हरवलेलं कार्ड घेऊन मशीनसमोर उभ्या राहिलेल्या माणसाला तीनच संधी मिळतात. पिन खरोखर कसाही, डोळे मिटून काढलेला असेल, तर तीन प्रयत्नांत तो लागण्याची शक्यता ३,३३३ मध्ये एक. बँकेच्या बाजूने हे गणित ठीक आहे. ते बिघडतं आपल्या बाजूने, कारण दहा हजारांतून आपण काही उचलतच नाही. ओळखीच्या शंभरेक आकड्यांतून उचलतो, आणि ते शंभर चोराच्याही ओळखीचे असतात.

पहिलं डेबिट कार्ड हातात आलेल्यांसाठी, यूपीआय नुकतंच सुरू करणाऱ्यांसाठी आणि आईबाबांचा फोन मांडीवर घेऊन बसलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितो आहे. सगळ्या खटाटोपाचा उद्देश एकच: चोराच्या पहिल्या तीन अंदाजांत तुमचा पिन नसावा.

आधी पाहू, लोक काय ठेवतात

निक बेरी नावाच्या विश्लेषकाने २०१२ मध्ये, वेगवेगळ्या ठिकाणांहून फुटलेल्या पासवर्डांपैकी फक्त चार आकडी असलेले सुमारे ३४ लाख वेगळे काढून मोजले. जवळजवळ ११ टक्के लोकांचा आकडा होता १२३४. त्यानंतर ११११, सुमारे ६ टक्के. मग ००००, सुमारे २ टक्के. तीन संधी, तीन आकडे, आणि साधारण पाचातलं एक कुलूप उघडलं. हे बँकेचे पिन नव्हते, फुटलेले पासवर्ड होते, आणि बँकेच्या बाबतीत माणूस थोडा जास्त विचार करतो हे मान्य. तरी थोडाच.

त्याच्या आदल्या वर्षी डॅनियल अमिते या आयफोन ॲप बनवणाऱ्याने आपल्या ॲपवर लोकांनी ठेवलेले दोन लाखांहून जास्त आकडे, नावं न घेता, मोजले होते. तिथेही १२३४ आणि ०००० वरच होते. तिसरा होता २५८०. हा का, हे कळायला फोनचं बटणफलक डोळ्यांसमोर आणा. मधली उभी रांग वरून खाली. उलट्या दिशेने ०८५२, तोही पहिल्या दहांत. आणि ५६८३ सुद्धा, कारण जुन्या फोनच्या बटणांवरच्या इंग्रजी अक्षरांत ‘लव्ह’ लिहिलं की हाच आकडा येतो. असं काही सुचलं की प्रत्येकाला वाटतं, हे फक्त मलाच सुचलंय.

बेरीच्या यादीत सगळ्यात तळाला ८०६८ होता. ही गोष्ट जगभर छापून आली, त्यामुळे तोही आता बाद धरा.

तुमचं पाकीट चोराच्या नजरेने उघडा

वरचे आकडे अनोळखी माणसासाठी झाले. पाकीट हरवतं तेव्हा चोर अनोळखी राहत नाही, कारण पाकिटात तुमची सगळी कुंडली असते.

समजा एका पाकिटात डेबिट कार्ड, आधार, वाहन परवाना, गाडीचं आरसी आणि दोन व्हिजिटिंग कार्डं आहेत. जन्मतारीख १४ ऑगस्ट १९७९, पत्ता कोथरूडचा. आता चोराच्या जागी बसा. तारखेतूनच १४०८, ०८१४, १९७९, १४७९ आणि ७९१४ निघतात. कोथरूडचा पिनकोड ४११०३८, म्हणजे १०३८ आणि ४११०. आरसीवर गाडीच्या नंबरचे चार आकडे तयारच आहेत, मोडायचीही गरज नाही. व्हिजिटिंग कार्डावर मोबाइल नंबर, त्याचे पहिले चार आणि शेवटचे चार. आधारचे शेवटचे चार तर सगळ्यात उघडे, कारण ‘मास्क’ केलेल्या आधारवर पहिले आठ आकडे झाकतात आणि नेमके हेच चार ठेवतात. डेबिट कार्डाचे शेवटचे चारही तसेच, दुकानातल्या प्रत्येक पावतीवर छापून येतात. दहा-बारा अंदाज झाले आणि अजून बायकोमुलांच्या तारखांना हातही लावला नाही. त्या फेसबुकवर वाढदिवसाच्या शुभेच्छांत सापडतात.

केंब्रिज विद्यापीठातल्या जोसेफ बोनो, सोरेन प्रायबुश आणि रॉस अँडरसन यांनी २०१२ मध्ये याच प्रश्नाचा हिशोब मांडला. हुशार चोराला पाकिटातून जन्मतारीख कळली, तर साधारण दर ११ ते १८ पाकिटांमागे एका कार्डाचा पिन त्याला लागेल, असा त्यांचा अंदाज निघाला. बँकेने १२३४ सारखे पिन नाकारले तर १८, नाही नाकारले तर ११. रोज गर्दीत हात चालवणाऱ्या पाकीटमाराला हा धंदा परवडतो.

तारखेत अडचण अशी की दिवस-महिना घेतला तर सगळे मिळून ३६६ प्रकार होतात, आणि जन्मसाल घेतलं तर हयात माणसांसाठी शंभराच्या आतच. दहा हजारांची खोली आपणच भिंत घालून एवढीशी करतो.

आपल्याकडचे लाडके आकडे

परदेशी याद्यांत हे सापडणार नाहीत, पण महाराष्ट्रातल्या चोराला त्या याद्यांची गरजही नाही. इंग्रजी आकड्यांत ८०५५ लिहिलं की ‘बॉस’ दिसतं आणि ४१४१ वळणदार लिहिलं की ‘दादा’. नंबरप्लेटवर हे खेळ बेकायदा असूनही रस्तोरस्ती दिसतात. जो आकडा गाडीसाठी हौसेने मिळवला, तोच कार्डालाही ठेवणारे कमी नसतात. मग येतात अभिमानाचे आकडे: राज्याभिषेकाचं १६७४, शिवजयंतीचं १९०२, भीमजयंतीचं १४०४, महाराष्ट्र दिनाचं ०१०५, १९४७, विश्वचषकाचं १९८३. श्रद्धेचे १००८ आणि ०७८६. आणि २६११.

यातला कोणताही आकडा वाईट नाही, फक्त तो लाखो लोकांच्या मनात एकाच वेळी येतो. तुमच्या दंडावर, गाडीवर, व्हॉट्सॲपच्या डीपीवर जे आहे, त्याचा आकडा पिनमध्ये नको.

पिन काढायची रीत

इथे माझं मत जरा हट्टी आहे. लोकांना ‘अवघड पिन निवडा’ सांगून उपयोग नाही. माणसाला निवडायला सांगितलं की तो काहीतरी अर्थ शोधतो, आणि अर्थ म्हटला की तो दुसऱ्यालाही सापडतो. म्हणून निवडायचंच नाही. पिन बाहेरून येऊ द्यायचा.

सगळ्यात सोपी रीत नोटेची. पाकिटातली एखादी वापरलेली, मळकी नोट घ्या. कोरी नको, कारण कोऱ्या गड्डीत नंबर ओळीने असतात. नव्या मालिकेच्या नोटेवर वर डावीकडे आणि खाली उजवीकडे नंबर छापलेला असतो, आणि त्याचे आकडे डावीकडून उजवीकडे मोठे होत जातात. सुरुवातीला एक आकडा आणि दोन इंग्रजी अक्षरं, त्यानंतर सहा आकडे. चार आकडी पिन हवा असेल तर शेवटचे चार घ्या, सहा आकडी हवा असेल तर सहाही घ्या. पाठ झाला की ती नोट भाजीवाल्याला देऊन टाका. पिन लिहिलेला कागद कुठे लपवायचा हा प्रश्नच उरत नाही, तो बाजारात फिरायला गेला.

नोटेवर विश्वास नसेल तर शून्य ते नऊ अशा दहा चिठ्ठ्या करा, डब्यात टाका, हलवा, एक काढा, आकडा लक्षात ठेवा आणि चिठ्ठी परत डब्यात टाका. मग पुढची काढा. परत टाकायला विसरलात तर एकही आकडा पुन्हा येणार नाही, आणि उगाचच अर्ध्याच्या जवळपास पिन हातचे जातील. ‘सगळे आकडे वेगळे असले की पिन भक्कम’ हा गैरसमज आहे. ७२७९ हा ७२८९ पेक्षा कमकुवत नाही.

आलेला पिन फक्त या कारणांसाठी नाकारा:

- चारही आकडे सारखे, किंवा ओळीने चढते-उतरते.
- एकच जोडी दोनदा, ४५४५ सारखी.
- १९ किंवा २० ने सुरू होणारं साल.
- बटणफलकावर सरळ रेघ किंवा चारही कोपरे.
- योगायोगाने तुमच्याच पाकिटातला आकडा.

बाकी काहीही आलं तरी तोच पिन. ‘हा नाही आवडला, अजून एकदा काढू’ असं चारदा केलंत तर ती निवडच झाली, आणि पाचव्या वेळी आवडलेला आकडा का आवडला याचं उत्तर पुन्हा एखाद्या तारखेपाशी जाऊन पोचतं.

लक्षात कसा राहील?

इथेच बहुतेक जण माघार घेतात. एक सल्ला नेहमी दिला जातो: आवडती ओळ घ्या आणि तिच्या प्रत्येक शब्दातली अक्षरं मोजा. ऐकायला छान आहे, पण मराठीत शब्द मुख्यतः दोन, तीन नि चार अक्षरांचे असतात. चार जागा, प्रत्येक जागी तीनच पर्याय, एकूण ८१ पिन. दहा हजारांवरून ८१ वर! त्यापेक्षा वाढदिवस बरा.

उलट करा. पिन आधी, गोष्ट नंतर. समजा नोटेवरून ७०३९ आला. ‘सात पुऱ्या, भाजी नाही, तीन वाट्या आमरस, नऊला झोप.’ जितकं हास्यास्पद तितकं बरं. (हा आता इथे छापला गेला, तो घेऊ नका.) दुसरी रीत जोड्यांची: सत्तर-एकोणचाळीस. दोन वेगळे आकडे चार सुट्या आकड्यांपेक्षा सहज बसतात, आणि ज्यांनी लहानपणी पाढे म्हटलेत त्यांना ‘एकोणचाळीस’ चटकन आठवतं.

पहिल्या आठवड्यात मुद्दाम दोन-तीनदा वापरा. दोन-दोनशे रुपये काढा, नाहीतर मिनी स्टेटमेंट बघा. बोटांना सवय लागली की गोष्ट विसरली तरी चालते. फक्त बोटांच्या सवयीत एक खोच आहे: एटीएमवर आणि फोनवर १-२-३ वरच्या ओळीत असतात, संगणकाच्या आकडेफलकावर आणि कॅल्क्युलेटरवर ७-८-९ वर. काही बँकांच्या संकेतस्थळांवर तर आकडे दर वेळी जागा बदलतात. तेव्हा नुसता आकार पाठ असेल तर माणूस गोंधळतो. आकडेही मनात म्हणा.

लिहून ठेवण्याबद्दल: बँकेच्या नियमांत पिन कुठेही लिहू नये असंच असतं, आणि कार्डाच्या पाकिटावर पेनाने लिहिलेला पिन म्हणजे चोराला दिलेलं आमंत्रण. फोनमध्ये ‘एटीएम काका’ नावाने नंबर साठवून त्याच्या शेवटी पिन लपवायची युक्ती घराघरांत आहे. फोन उघडा मिळाला की चोर शोधतो तो शब्दही ‘एटीएम’च असतो.

चार की सहा?

एटीएमच्या पिनला चार आकडे का, याची एक गंमत सांगतात. लंडनजवळच्या एनफिल्डमध्ये बार्कलेज बँकेने २७ जून १९६७ रोजी पहिलं रोकड देणारं यंत्र बसवलं. ते बनवणाऱ्या जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म शिलाँगचा. त्यांच्या मनात सहा आकडे होते, कारण त्यांना आपला सैन्यातला क्रमांक पाठ होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पत्नी कॅरोलाइन म्हणाल्या, मला चारच आठवतील. हे त्यांनी स्वतःच पुढे सांगितलं. त्याच सुमारास स्कॉटलंडचे जेम्स गुडफेलो यांनी कार्ड आणि गुप्त आकडा अशा जोडीचं पेटंट घेतलं होतं, त्यामुळे जनक कोण यावर वाद आहे. चार मात्र टिकले.

सहा आकडे म्हणजे दहा लाख प्रकार, शंभरपट जास्त. पण कागदावरच. जर्मनीतल्या बोखुम इथल्या रूर विद्यापीठातल्या आणि त्यांच्या सोबतच्या संशोधकांनी २०२० मध्ये लोकांकडून खरोखर फोनसाठी पिन ठेवून घेतले, तेव्हा दिसलं की प्रयत्नांवर मर्यादा असलेल्या फोनवर सहा आकड्यांनी सुरक्षितता फारशी वाढतच नाही. कारण लोक १२३४५६ ठेवतात, नाहीतर पूर्ण जन्मतारीख. आयफोन कोणत्या चार आकडी पिनवर ‘हा सहज ओळखता येईल’ असा इशारा देतो, हे शोधायला त्यांनी लेगोचे तुकडे जोडून बटणं दाबणारं यंत्रच बनवलं. यादीत २७४ पिन निघाले. दहा हजारांत एवढे अगदीच थोडे, असं त्यांचं म्हणणं पडलं.

आपल्याकडे सहा आकड्यांत आणखी एक सापळा आहे: घराचा पिनकोड. ४०० ने किंवा ४११ ने सुरू होणारा सहा आकडी यूपीआय पिन ठेवाल, तर तो आधारवर पत्त्याखाली छापलेला आहे.

माझा हिशोब साधा आहे. तीन प्रयत्नांनंतर बंद पडणाऱ्या जागी, म्हणजे एटीएम आणि यूपीआयसाठी, चिठ्ठीने काढलेले चार आकडे पुरतात. फोनच्या लॉकला सहा ठेवा, कारण चोरीला गेलेला फोन दिवसचे दिवस चोराच्या हातात असतो. आणि ज्या कुलपाला चुकलेल्या प्रयत्नांचं काहीच वाटत नाही, त्यावर भरवसा ठेवू नका. प्रवासी बॅगेचं तीन चक्र्यांचं कुलूप म्हणजे एक हजार प्रकार. सेकंदाला एक लावला तर सतरा मिनिटांच्या आत उघडतं.

कुठला पिन कशाचा

नवख्यांची इथे खिचडी होते.

एटीएमचा पिन कार्डाचा असतो. नवीन कार्डासाठी बऱ्याच बँका आता कागदी पिन पाठवत नाहीत. मोबाइलवर आलेल्या ओटीपीने एटीएमवरच पिन तयार करता येतो, त्याला ग्रीन पिन म्हणतात. त्या वेळी रांगेत मागून लोक घाई करतात आणि हात आपोआप १२३४ वर जातो. म्हणून पिन घरूनच काढून न्या.

यूपीआय पिन खात्याचा असतो, ॲपचा नाही. एकच खातं फोनपेवर आणि गुगल पेवर जोडलंत तर पिन एकच राहतो; एकीकडे बदललात की दुसरीकडेही बदलला. दोन बँकांची खाती असतील तर दोन पिन.

फोनचा लॉक या दोन्हींपासून वेगळा हवा, ही माझ्या मते सगळ्यात जास्त मोडली जाणारी अट. घरात फोनचा लॉक सगळ्यांना माहीत असतो. नातवाला गेम खेळायचा असतो, शेजारच्या काकूंना फोटो बघायचे असतात, दुरुस्तीवाला विचारतो आणि आपण सांगतो. तोच आकडा यूपीआयलाही असेल, तर फोन घेतलेल्याला खातंही मिळालं.

आणि चौथा, ज्याचं नावही बहुतेकांनी ऐकलेलं नसतं: सिमचा पिन. यूपीआय पिन विसरला तर तो नव्याने ठेवायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, त्याची मुदत आणि मोबाइलवरचा ओटीपी एवढं अनेक बँकांत पुरतं. एकाच पर्समध्ये फोन आणि कार्ड दोन्ही गेले, तर चोर तुमचं सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि ओटीपी तिकडे येऊ लागतात. सिमला पिन असेल तर दुसऱ्या फोनमध्ये ते तो मागतं. सेटिंग्जमध्ये सिक्युरिटीखाली ‘सिम लॉक’ असतं. सुरू करताना ते आधीचा पिन विचारतं. तो कंपनीने घातलेला असतो, अनेकदा ०००० किंवा १२३४. अंदाजाने टाकू नका, आधी कंपनीकडून विचारून घ्या. तीनदा चुकलं की पीयूके नावाचा आठ आकडी क्रमांक लागतो, तो कंपनी देते. तोही दहादा चुकला की सिम कायमचं गेलं.

टाकताना

चिठ्ठीने काढलेला पिन पेट्रोलपंपावर मोठ्याने सांगितला, तर इतका वेळ वायाच गेला. ‘पिन सांगा साहेब’ म्हणत मशीन स्वतःच्याच हातात धरून ठेवणारा माणूस सगळ्यांनी पाहिलाय. त्याच्या मनात काही नसतं, पण मागे उभ्या दोन स्कूटरवाल्यांचं काय? मशीन मागा, अंगाजवळ धरा, दुसऱ्या हाताने झाका. हॉटेलात कार्ड आत नेऊ देऊ नका, मशीन टेबलावर येतं. टॅप करून ५,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार पिनशिवाय होतो, हेही लक्षात असू द्या. ती सोय नको असेल तर बँकेच्या ॲपमध्ये बंद करता येते किंवा तिची मर्यादा कमी करता येते.

एटीएमवर सगळ्यात जुनी फसवणूक मदतनीसाची. कार्ड ‘अडकतं’, मागचा माणूस ‘काका, द्या मी करतो’ म्हणतो, पिन टाकताना बघतो आणि परत देताना तसंच दिसणारं दुसरं कार्ड हातात ठेवतो. परत मिळालेल्या कार्डावर आपलंच नाव आहे का, एवढं वाचायला दोन सेकंद लागतात. ज्येष्ठांना हे दाखवून ठेवा. मदत हवीच असेल तर बँक उघडी असताना शाखेला लागून असलेल्या एटीएमवर जा आणि आतल्या कर्मचाऱ्याला बोलवा.

बटणंही चुगली करतात. २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगोतल्या संशोधकांनी दाखवलं की प्लॅस्टिकच्या बटणांवर बोटाची ऊब थोडा वेळ राहते आणि उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात ती दिसते. धातूच्या बटणांवर ती टिकत नाही. व्यवहार झाल्यावर तळहात सगळ्या बटणांवरून फिरवला की हा प्रश्न मिटतो. सोसायटीच्या दाराच्या बटणफलकाची गोष्ट याहून वाईट. वर्षानुवर्षं तोच आकडा दाबून चार बटणं घासून चकचकीत होतात, आणि चार ठरलेल्या बटणांच्या रांगा फक्त २४ होतात. गंमत म्हणजे तीनच बटणं घासलेली असतील, म्हणजे एक आकडा दोनदा असेल, तर रांगा ३६ होतात. दाराचा आकडा मात्र अधूनमधून बदलायला हवा. कार्डाचा पिन कारण नसताना दर तीन महिन्यांनी बदलणारे शेवटी थकून सोप्या आकड्यावर येतात.

दोन अफवा आणि एक नियम

एटीएममध्ये पिन उलटा टाकला की पोलिस येतात, हा व्हॉट्सॲपचा जुना निरोप खोटा आहे. विचार केला तरी कळतं: ४५५४ उलटा कसा टाकणार? कुणी चाकू दाखवलाच तर पिन सांगून मोकळे व्हा. त्या वेळी नुकसान कमी करते ती आधीच कमी करून ठेवलेली रोजची रक्कम-मर्यादा. बँकेच्या ॲपमध्ये ती पाच-दहा हजारांवर आणता येते. दुसरी अफवा: रद्द झालेलं कार्ड ‘चालू’ करायला बँक फोनवरून पिन विचारते. बँक पिन कधीच विचारत नाही, कुठल्याच कारणासाठी.

नियम यूपीआयचा: पिन लागतो तो पैसे द्यायला किंवा शिल्लक बघायला. पैसे घ्यायला कधीच लागत नाही. जुना सोफा विकताना ‘हा क्यूआर स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील’ असं समोरचा म्हणाला, तर तो पैसे काढतो आहे.

पिन फुटला असं वाटलं तर

क्रम असा ठेवा. कार्ड हातात असेल आणि नुसती शंका असेल, तर जवळच्या एटीएमवर किंवा ॲपमध्ये लगेच पिन बदला, नवा पुन्हा चिठ्ठीने. कार्ड गेलं असेल तर आधी ते ब्लॉक करा, मग शोधत बसा. बँकेचा ब्लॉक करण्याचा नंबर कार्डाच्या मागे असतो, म्हणजे कार्डाबरोबर तोही जातो. म्हणून तो आजच घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनमध्ये साठवून ठेवा. फोन गेला असेल तर सिम बंद करायला कंपनीला कळवा आणि बँकेला यूपीआय बंद करायला सांगा.

पैसे गेलेच असतील तर १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर लगेच फोन करा. रक्कम पुढच्या खात्यांत पळायच्या आत गोठवता यावी यासाठीच तो आहे, त्यामुळे इथे तासांपेक्षा मिनिटं महत्त्वाची. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार देता येते. त्याच दिवशी बँकेलाही लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक तुमचीही नसेल आणि बँकेचीही नसेल, तर बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवल्यास तुमच्यावर भुर्दंड नाही. चार ते सात कामाच्या दिवसांत कळवल्यास मर्यादित. पिन तुम्हीच कुणाला सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून ‘सांगून बसलो, आता काय तोंडाने जाऊ’ असा विचार करत घरी बसू नका. फोन करताना व्यवहाराचा मेसेज समोर ठेवा, आणि तक्रारीचा क्रमांक मिळाल्याशिवाय फोन ठेवू नका.